खिडकीतल्या दिव्याच्या जागी

मित्रांनो, मी जुना आहे, हे माझ्याकडे पाहताच तुमच्या लक्षात येईल. मी एक व्हिडिओ गेम आहे. कपाटाएवढा उंच, समोर काच, खाली एक दांडी आणि दोन बटणे. माझी गोष्ट सांगण्यासारखी आहे की नाही, याची मला खात्री नाही. तरी सांगतो, कारण तिच्यातली एक चूक तुमच्या हातून होऊ नये असे वाटते.

माझ्या जातीचे गेम आता फारसे उरले नाहीत. तुमच्या मोबाइलवरचे चित्र बारीक ठिपक्यांचे असते. मला तसे जमत नाही. माझ्या काचेमागे एक किरण आहे. तो पेन्सिलीसारखा काळ्या काचेवर रेषा ओढतो. रेषा लगेच विझतात, म्हणून तो त्या पुन्हा पुन्हा ओढत राहतो. माझे घर म्हणजे पाच रेषा, डोंगर म्हणजे दोन. रंग नाहीत. पण त्या पांढऱ्या रेषांइतके उजळ दुसरे काही मी तरी पाहिले नाही.

परदेशातल्या कोणत्या कारखान्यात मी तयार झालो, ते मला आठवत नाही. आठवते ते भिलाईचे सिविक सेंटर. तेव्हा छत्तीसगड वेगळे राज्य झाले नव्हते. तिथल्या एका गेमच्या दुकानात मी उभा होतो. मुले रांग लावत, माझ्या काचेला नाक चिकटवत. मग रंगीत गेम आले आणि रांग शेजारी सरकली. दुकान बंद झाल्यावर खुर्सीपारच्या एका भंगारवाल्याच्या टपरीत माझ्या डोक्यावर मोडका कूलर ठेवला गेला. उंदरांनी तारा कुरतडल्या. माझा खेळ ज्या चिपांमध्ये लिहिलेला होता, त्या गंजल्या. पुष्कळ वर्षे मी नुसते लाकूड होतो.

तिथून मला चंपतरावांनी घरी आणले. ते पोलादाच्या प्लांटमध्ये भट्टीवरची मापयंत्रे सांभाळत. नुकतेच निवृत्त झाले होते. बोलणे कमी, हात हळुवार. सात महिने त्यांनी माझी एकेक तार जोडली. पण माझा जुना खेळ काही परत आला नाही. तेव्हा त्यांनी ठरवले, खेळ नवा लिहायचा.

त्यांचा मित्र नत्थू दारातून म्हणाला, "जय भीम, चंपत! भट्टी सुटली अन् हे धरलं का? पोट्टे हसून राहिले ना बावा!"

"हसू दे," चंपतराव म्हणाले. नत्थू गेल्यावर मात्र त्यांनी दार लोटून घेतले.

खेळ कोणासाठी, हे त्यांनी नत्थूला सांगितले नाही. त्यांच्या पत्नी रमाबाईंना काचबिंदू होता. गेलेली नजर परत येत नाही आणि उरलेली किती टिकेल ते सांगता येत नाही, असे रायपूरचे डॉक्टर म्हणाले होते. टीव्ही त्यांना धुरकट दिसे. पण मी पहिल्यांदा सुरू झालो, काळ्या काचेवर एक तिरकी रेषा उमटली, तेव्हा रमाबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "अगं माय! हे तं साफ दिसते मले!"

त्या दिवसापासून चंपतरावांना घाई झाली. रमाबाईंची नजर होती तोवर खेळ पुरा व्हायला हवा होता.

खेळ साधा होता. दुसरी पाळी संपवून एक माणूस सायकलवर खुर्सीपारला घरी येतो. वाटेत खड्डे, गाई, रेल्वेचे फाटक. शेवटी घराची खिडकी आणि खिडकीत दिवा. वीज गेली की रमाबाई खरोखरच तसा दिवा ठेवत असत. चंपतराव आलेखाच्या कागदावर एकेक रेषा आखत आणि तिचे आकडे वहीत लिहीत. पुण्याहून मुलीने, भाग्यश्रीने, पाठवलेल्या यंत्रावर ते चिप लिहीत. चुकले की चिप पुसायला आठवडाभर गच्चीवरच्या उन्हात ठेवावी लागे. या चिपांना वर काचेची खिडकी असते. उन्हाने आतले लिखाण पुसले जाते.

"तुमच्या चिपा अन् माहे पापड," रमाबाई म्हणत, "पाहू कोण आधी वाळते."

एका क्षणात मला ठरावीक रेषाच ओढता येतात. जास्त झाल्या की चित्र थरथरते. म्हणून चंपतरावांनी सायकलची चाके आठ बाजूंची केली.

"कावून जी, हे चाक हाय का बोल्टचा नट?" रमाबाई हसल्या.

"गोल केलं तं रेषा बहुत लागते."

"मंग ते झाड काढा. तुमचं नाक काढा. पण हँडलचा डबा राहू द्या. रिकामा डबा वाजला की मले समजे, तुमी आले."

नाक गेले. डबा राहिला.

शेवटी एकच अडचण उरली. माझ्यात एक राखणदार होता, म्हणजे एक छोटे सर्किट. किरण एकाच जागी थांबला, तर तो किरण बंद करून टाकी, नाहीतर काच आतून जळते. खेळाच्या शेवटी काचेवर काहीच उरत नसे, फक्त खिडकीतल्या दिव्याचा ठिपका. राखणदार तो दर वेळी विझवी. माझ्या माहितीपुस्तकात इशारा होता आणि चंपतरावांनी तो वाचलाही होता. थोड्या वेळाने काय होते, असे म्हणून त्यांनी राखणदाराची तार कापली.

फाल्गुनातल्या एका सकाळी रमाबाई पहिल्यांदा एकट्याने खेळातल्या घरापर्यंत पोहोचल्या. ठिपका उजळला. त्या टाळ्या वाजवायच्या विसरल्या, नुसत्या पाहत राहिल्या. त्याच सकाळी दोघांना रायपूरला दोन दिवसांच्या तपासणीसाठी जायचे होते. मला बंद करायला चंपतरावांनी बटणाकडे हात नेला.

"राहू द्या ना जी. आपण येऊ तवा घरात दिवा दिसन."

चंपतरावांनी हात मागे घेतला. तीस वर्षे ते अशा ठिकाणी होते, जिथे भट्टी कधी बंद करत नाहीत. बंद केली तरच बिघडते, हे त्यांच्या अंगात मुरले होते. मला ओरडून सांगता आले नाही, मित्रांनो. त्या दिवशी मी दिवा धरून ठेवला, रात्रभर धरला आणि माझी काच जळताना मला कळत होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते आले. डॉक्टरांनी काही चांगले सांगितले नव्हते. रमाबाई थेट माझ्यासमोर बसल्या, फाटक ओलांडून खिडकीपाशी आल्या आणि थांबल्या.

"दिवा नाही दिसत मले."

चंपतरावांनी वाकून पाहिले. दिव्याच्या जागी तांदळाएवढा काळा डाग होता. तिथे आता काहीच उमटणार नव्हते.

"तेवढं दिसणंही गेलं वाटते माहं," त्या शांतपणे म्हणाल्या. "पुरे झालं. आता तुमीच खेळा."

चंपतरावांनी तोंड उघडले. मी पाहिले. चूक त्यांची होती, पण दिवा ठेवा असे रमाबाई म्हणाल्या होत्या. सांगितले तर त्या स्वतःला दोष देतील, असे त्यांना वाटले असावे. लाजही वाटली असेल. त्यांनी तोंड मिटले.

एकोणीस दिवस रमाबाई माझ्याकडे फिरकल्या नाहीत. चंपतराव चिप पुन्हा पुन्हा उन्हात ठेवत होते. खेळातली खिडकी डागापासून दोन बोटे डावीकडे सरकवत होते. विसाव्या दिवशी नवी चिप बसवून ते स्वयंपाकघराच्या दाराशी गेले आणि सगळे सांगितले.

रमाबाईंनी हातातले भांडे खाली ठेवले.

"म्हंजे इतके दिवस मले दिसत होतं?"

"हो."

"अन् मी डोळे मिटून बसली होती."

रमाबाई भिंतीला हात लावत माझ्यापाशी आल्या. "चालू करा," म्हणाल्या. मी होत्या नव्हत्या बळाने रेषा ओढल्या. त्यांनी काचेला नाक चिकटवले, सिविक सेंटरची मुले चिकटवत तसे.

"पांढरं काहीतरी हालते," त्या म्हणाल्या. "बाकी धुकं हाय."

त्या एकोणीस दिवसांत नजर गेली होती.

मित्रांनो, यंत्राची काळजी घ्या, हे तुम्हाला सगळेच सांगतात. मीही सांगतो, काम झाले की बंद करत जा. पण हातून काही बिघडले, तर ते त्याच संध्याकाळी सांगून टाका. काच जळली तर एका डागावर भागते. गप्प राहण्यात जे दिवस जातात, त्यांना कोणतीही दुरुस्ती नाही.

आजही रोज संध्याकाळी रमाबाई दांडी धरतात. चंपतराव शेजारी बसून सांगतात, "डावीकडे. खड्डा हाय. फाटक उघडलं." घर आले की त्या विचारतात, "लागला का?"

"लागला."

मग त्या चाचपत बटण शोधतात आणि मला स्वतः बंद करतात. "भट्टी नोहे ते," म्हणतात. अंधार झालेल्या काचेवर थोडा वेळ त्यांचा तळवा असतो. काच अजून कोमट असते.