ओळ नसेल तिथे धाकटी

"दारापलीकडे काय आहे गं? लवकर सांग, हात थांबलाय माझा." दादाचा तो नुकता फुटलेला आवाज धाकटीच्या कानात अजून तसाच होता. लहानपणी तापाने अंथरुणाला खिळलेली ती डोळे मिटून सांगायची: विहिरीत उतरणारा जिना, मिठाची भिंत, आरसे पुसणारी म्हातारी. दादा कीबोर्ड बडवत टिपून घ्यायचा. चित्र नाही, नुसते शब्द. 'उत्तरेला जा' लिहिलं की पुढची खोली उघडणार, असा तो खेळ. खेळ गाजला. नाव लागलं दादाचं. लोक त्याला उस्ताद म्हणू लागले, आणि धाकटीने ओठ शिवून घेतले ते घेतलेच.

आता ती स्वतः प्रोग्रामर. दादानेच काम आणलं. खेळाच्या फाईलची मांडणी वाढवायची होती, ती वाचणारा नवा प्रोग्राम लिहायचा होता. प्रत्येक खोलीला आवाज हवा, वास हवा, रचणाऱ्याचं नाव हवं. कारण यापुढे नवी मंडळीही खोल्या लिहिणार होती. पण खेळातली जुनी गोष्ट त्यातही जशीच्या तशी चालली पाहिजे, तिची फाईल कुणी उघडून बदलायची नाही. तुझ्या डाव्या हाताचा मळ, असं म्हणून वर चहाही त्याने तिच्याकडूनच करून घेतला.

तिने मान डोलावली. आत मात्र निखारा फुलला.

जुन्या फाईलीत रचणाऱ्याची ओळच नव्हती. ओळ नसेल तिथे कुणाचं नाव धरायचं, हे नव्या प्रोग्रामला सांगणं तिच्या हातात. तिथे 'उस्ताद' येणार, हे दादाने इतकं गृहीत धरलं होतं की तो बोललाही नाही. तिने लिहिलं, 'धाकटी'. गोड घास जिभेवर घोळवावा तसं ते नाव पुन्हा पुन्हा वाचत ती बसून राहिली.

काम तपासायला दादाने नवी फाईल आपल्या जुन्या प्रोग्राममध्ये उघडली. अनोळखी ओळी तो प्रोग्राम गुमान ओलांडून गेला. सगळं सुरळीत. जुनी फाईल नव्यात उघडून पाहायचं काही त्याला सुचलं नाही. पोरगी हुशार निघाली, असं तो वहिनीला म्हणाला; तुमच्यावर गेली नाही ते बरं, असं वहिनी म्हणाली.

मग नव्या खेळाच्या उद्घाटनाला, भरल्या सभागृहात, मोठ्या पडद्यावर, दादाने नव्या प्रोग्रामात जुनी गोष्ट उघडली. विहिरीचा जिना आला. खाली उमटलं, 'रचना: धाकटी'. मिठाची भिंत, रचना: धाकटी. आरशांची म्हातारी, रचना: धाकटी. कुजबुज वाढली. पुढच्या रांगेतल्या एकाने विचारलंच, "उस्ताद, ही धाकटी कोण हो?"

दादा हसला, पण हसू ओठांवरच वाळलं. बहिणीची गडबड झाली, चुकून स्वतःचं नाव घालून बसली, घटकाभरात दुरुस्त करील, असं सांगत त्याने तिच्याकडे पाहिलं. सांभाळून घे, असं ते डोळे म्हणत होते. आजवर तिने घेतलंच होतं.

ती उठली. दादाचा उतरलेला चेहरा तिने आधी डोळे भरून पाहून घेतला.

"चूक नाही, दादा," ती शांतपणे म्हणाली. "खोल्या माझ्या होत्या. त्यातलं एक दारसुद्धा तुला सुचलेलं नव्हतं."