दगडाबाईच्या नावाची चरवी

मी एक जुनी पितळी चरवी आहे, मित्रांनो. जुनी म्हणवून घ्यायला मला लाज नाही. चरवी म्हणजे काय हे ज्याला ठाऊक नाही, लाज त्याला वाटावी. तर ऐका. गोल पोट, आवळ गळा, वर घट्ट बसणारं झाकण आणि धरायला कडी. दूध वाहून न्यायचं भांडं ते चरवी. तुमच्या घरी दुधाच्या पिशव्या येतात ना, त्यांचा कोपरा कापला की त्यांचा जन्म संपला. माझा अजून चालू आहे.

निजामावर पोलीस ॲक्शन झाली, त्याच्या दुसऱ्या वर्षी मी औरंगाबादेत जन्मले. पुढं शहराचं नाव बदललं. माझं कुणाला बदलता आलं नाही, कारण ते पोटावर ठोकलेलं आहे. एका तांबटानं मला घडवलं. एक शेतकरी लेकीच्या लग्नाची भांडी घ्यायला आला आणि त्यानं माझ्यावर तिचं नाव घालून घेतलं, 'दगडाबाई'. तिच्या आधीची भावंडं जगली नव्हती. दगडाला कोण नेतंय, असं म्हणून हे नाव ठेवलेलं. नाव ठेवणाऱ्याला अक्कल होती. पोरगी दगडासारखीच निघाली, जागची हलली नाही कधी.

दगडाबाई लग्न होऊन पाचोडला सांडूच्या घरी आली, तिच्यासोबत मी. दोन म्हशींचं दूध मी रोज पाहिलं. चुलीच्या राखेनं मला घासायचे आणि मी अशी चमकायची की शेजारणी झाकणात तोंड बघून कुंकू सारखं करायच्या. स्तुतीची मला सवय आहे, म्हणून सांगते.

सांडूची धाकटी बहीण आवडाबाई. तिला औरंगाबादेत औरंगपुऱ्यात दिली होती. नवरा बद्रीनाथ कापडाच्या दुकानात कामाला, आणि घरात सासू मनकर्णाबाई. अकरा वर्षं झाली तरी आवडाबाईला मूल नव्हतं. ती पंचमीला माहेरी यायची आणि भावजयीच्या पाळण्याची दोरी हातातून सोडायची नाही. दगडाबाई बघायची, बोलायची नाही. चौथ्या वेळी दिवस गेले तेव्हा एक दिवस भाकरी थापता थापता ती म्हणाली, "आवडा, हे पोर तुझं. पोरगा होवो का पोरगी. म्या ठरवलंय."

मित्रांनो, कुणी मागितलं नव्हतं. घरात खायला कमी नव्हतं. दिलेलं आणि टाकलेलं यात फरक असतो. दगडाबाईनं दिलं.

मुलगी झाली. नाव ठेवलं कौतिका. अंग धरल्यावर चार माणसं बसवून, कागद करून, दगडाबाईनं तिला आपल्या मांडीवरून आवडाबाईच्या मांडीवर दिली. तेव्हा मनकर्णाबाईनं अट घातली. "पोरीला कळता कामा नये. तू मामी, ती भाची. दोन दारचं झालेलं पोर एकाही दारचं राहत नाय."

दगडाबाई म्हणाली, "बरं, मामी तर मामी. पण माझीबी एक अट हाय. दर बाजाराला माझी चरवी येईल, भरून येईल. ती रिकामी परत धाडायची नाय."

दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करू नये, ही रीत तुम्हाला तुमच्या आजीनं सांगितली असेल. नसेल तर विचारा तिला. चिमूटभर साखर, मूठभर दाणे, काहीतरी आत टाकून भांडं परत द्यायचं. दगडाबाईनं त्या रितीला लेकीची खुशाली बांधली.

तेव्हापासून मी प्रवासी झाले. शेजारचा रामकिसन दर बाजाराच्या दिवशी पहाटेच्या गाडीनं शहरात जायचा. मांडीवर मला घेऊन बसायचा. आत तापवलेलं दूध, कधी खरवस. मग आठवडाभर मी औरंगपुऱ्यातच, आणि बाजाराच्या आदल्या दिवशी रामकिसन मला परत आणायचा. परत येताना आवडाबाई माझ्यात साखर घालायची, आणि महिन्यातून एकदा साखरेवर गुंडाळून ठेवलेला एक दोरा. तो दोरा कौतिकाच्या उंचीचा. तिला भिंतीला उभी करून, टाचेपासून डोक्यापर्यंत मोजून तोडलेला. आवडाबाईला लिहिता येत नव्हतं, दगडाबाईला वाचता येत नव्हतं. दोघींचं काही अडलं नाही. दगडाबाई दोरा सोडायची, दाराच्या चौकटीला लावायची आणि म्हणायची, "वाढली."

सांडू म्हणायचा, "दोन बोटं तर वाढली. जशी काय घोड्यावर बसायला निघाली."

"तुमच्यासारखी बुटकी नाय राहिली म्हंजे झालं."

औरंगपुऱ्यात मात्र मला मान नव्हता. मनकर्णाबाईला माझ्या पोटावरचं नाव सलायचं. ती मला फडताळात ठेवताना नाव भिंतीकडं करून ठेवायची. मी काय कमी आहे? मीही कधी तिच्याकडं तोंड केलं नाही.

सात-आठ वर्षं अशी गेली. कौतिका दिवाळीला, उन्हाळ्यात मामाच्या गावाला म्हणून पाचोडला जायची, भावंडांत खेळायची आणि परत यायची. सगळं सुरळीत होतं. इथंच माझी गोष्ट बिघडते, आणि बिघडायला मीच निमित्त झाले.

पितळेच्या भांड्याला आतून कल्हई लागते, मित्रांनो. कल्हईवाला भाता मारून निखारा फुलवतो, भांडं तापवतो, आत कथील फिरवतो आणि नवसागर लावलेल्या कापसानं पुसून घेतो. पांढरा धूर निघतो, नाकाला झोंबतो, आणि पिवळं पोट आतून चांदीसारखं होतं. हे वर्षाला करावं लागतं. नाही केलं तर आत ठेवलेलं आंबट कळकतं, म्हणजे पितळ त्यात उतरतं आणि खाणाऱ्याला बाधतं.

माझी कल्हई गेली होती. औरंगपुऱ्यात मला रोज वाळूनं घासत. आवडाबाईला दिसत होतं, पण ती सासूला कल्हईचं म्हणायला कचरत होती. पाचोडला मी आदल्या दिवशी पोचायचे, पहाटे भरून निघायचे. तिथं माझ्या आत कुणी बघितलंच नाही. आवडाबाईला वाटलं, वहिनी बघेल; दगडाबाईला वाटलं, आवडा बघत असेल. दोन घरांच्या वस्तूचं हे असं होतं.

चैत्र संपत आला होता. रामकिसन मला घेऊन निघाला आणि वाटेत आडूळला उतरला. तिथं त्याची सासुरवाडी. सासूनं पुरणाचा घाट घातला होता. हा पठ्ठ्या जेवला, वर झोपलाही. मी ओसरीवर उन्हात. औरंगपुऱ्यात पोचलो तेव्हा दिवस कलला होता आणि दूध आंबून घट्ट झालं होतं. आवडाबाईला वाटलं, वहिनीनं या वेळी दही धाडलं. कडेची हिरवट झाक तिला अंधाऱ्या स्वयंपाकघरात दिसली नाही. तिनं साखर घालून वाटीभर कौतिकाला दिलं.

पोर दोन दिवस ओकत होती. डॉक्टरांनी सलाईन लावलं. तिसऱ्या दिवशी ती उठून बसली, पण तोवर मनकर्णाबाईनं निकाल देऊन टाकला होता.

"पोटच्या मायेनंच पोट बिघडवलं," ती म्हणाली. "बास झालं हे दूध."

आवडाबाई म्हणाली, "आत्याबाई, त्यात वहिनीची काही..."

"तू गप. आठ वर्षं झाली, अजून पोर तिचीच का तुझी ते तुला ठरवता येईना."

त्या एका वाक्यानं आवडाबाईचं तोंड शिवलं. तिला सगळ्यात जास्त भीती होती ती याचीच. मनकर्णाबाईनं मला विसळलं, कोरडं पुसलं, आणि रामकिसनच्या हातात दिलं. साखर नाही, दोरा नाही. "सांग, आता धाडू नका म्हणावं."

रामकिसननं मला दगडाबाईपुढं ठेवलं आणि पायाच्या अंगठ्यानं माती उकरत उभा राहिला. तिनं झाकण काढलं. आत हात घातला. तळाशी बोटं फिरवली, एकदा, परत एकदा. मग मला उंबऱ्यापाशी उजेडात नेलं आणि आत बघितलं. आत नुसतं पिवळं.

"कल्हई गेलीय," ती म्हणाली. "रामकिसन, पोर बरी हाय का?"

"बरी हाय आता. पण म्हातारी लई भडकलीय, वहिनी. माझंबी चुकलं. म्या आडूळला..."

"तुझं नंतर बघते. आधी कल्हईवाला कुठं बसलाय ते सांग."

त्याच दिवशी माझी कल्हई झाली. पुढच्या बाजाराला रामकिसनच्या हाती तिनं मला दिलं नाही. लुगडं नेसली, मला भरलं, कडी मुठीत धरली आणि स्वतः गाडीत बसली. सांडू म्हणाला, "बोलावलं नाय त्यांनी." ती म्हणाली, "म्या कुठं जेवायला चालले?"

औरंगपुऱ्याच्या गल्लीत ती रिक्षातून उतरली आणि सरळ त्या घरात शिरली. मनकर्णाबाई सुपात तांदूळ निवडत बसली होती. आवडाबाई चुलीपाशी. कौतिका अंगणात सागरगोटे खेळत होती.

"निरोप पोचला नाय का?" मनकर्णाबाईनं मान वर न करता विचारलं.

"पोचला, विहीणबाई. पण निरोप्याच्या तोंडून नको. तुम्ही माझ्या तोंडावर सांगा."

"तुझ्या दुधानं पोर मरता मरता वाचली. आणखी काय सांगू?"

"दुधानं नाय. चरवीच्या पोटानं. कल्हई गेली होती आणि म्या बघितली नाय. माझी चूक. तुम्ही रोज वाळूनं घासली आणि बघितली नाय, ती तुमची."

तेव्हा आवडाबाई चुलीपासून उठली. "मी बघितली होती," ती म्हणाली. "महिन्यापासून दिसत होतं. मी बोलले नाही. चूक माझी हाय, आत्याबाई."

मनकर्णाबाईचं सूप थांबलं. "चूक कुणाचीबी असू दे. हे येणं-जाणं राहिलं तर पोरीला एक दिवस कळंल. मग ती राहील का हिच्याजवळ?"

"आणि नाय कळलं तर?" दगडाबाईनं मला दोघींच्या मध्ये ठेवलं. "विहीणबाई, आठ वर्षांची झाली ती. आपल्यात मामाच्या घरी पोर द्यायची रीत हाय. परवाच तुमच्या शेजारणीनं चेष्टा केली ना, कौतिकाला पाचोडच्या मामाचाच पोरगा बघा म्हणून? रामकिसननं सांगितलं मला. आज चेष्टा हाय. उद्या खरंच कुणी सोयरीक घेऊन आलं तर काय सांगाल? सख्ख्या भावाला देणार का तिला?"

मनकर्णाबाई चांगली हुशार बाई होती, पण हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. तिनं सूप खाली ठेवलं.

दगडाबाई पुढं म्हणाली, "म्या परत न्यायला आले नाय. दिली ती दिली. पण लपवून दिली नव्हती, चार माणसांत दिली होती. चार माणसांना ठाऊक हाय ते तिलाच नाय, हे कसं?"

आवडाबाई दारात गेली. वाटेत तिनं सासूकडं एकदा वळून बघितलं. पण ती गेली, हे महत्त्वाचं. "कौतिका, इकडं ये. ही मामी हाय ना... हिनं तुला जन्म दिला. मग मला दिली. मी तुला वाढवली."

पोरगी सागरगोटे मुठीत धरून उभी राहिली. "मला ठाऊक आहे," ती म्हणाली.

"कुणी सांगितलं?"

"आजीनंच. मी खोडी केली की म्हणते, पाचोडचं नाक हाय, पाचोडचंच रगत हाय. मग मी पाचोडला गेले तेव्हा नाक बघितलं. मामीचंच आहे."

मनकर्णाबाईनं पदर तोंडाला लावला. मी जवळून बघत होते. ती हसत होती आणि डोळेही पुसत होती. "माझंच तोंड फुटकं," ती म्हणाली.

कौतिकानं विचारलं, "मग मी मामीला काय म्हणू?"

आवडाबाईचा श्वास थांबलेला मला ऐकू आला. दगडाबाई म्हणाली, "हाक तुझी हाय. तूच ठरव."

पोरीनं थोडा विचार केला. "हिला आई म्हणते, ती आईच. पाचोडला समदी पोरं तुला माय म्हणतात. तिथली पोरं म्हणतात तर मी पण माय म्हणीन."

आई आणि माय. शहरातला एक शब्द, खेड्यातला एक. मोठी माणसं आठ वर्षं ज्या गाठीला घाबरली ती एका पोरीनं दोन शब्दांत सोडवली. आवडाबाईनं श्वास सोडला. दगडाबाई, जी मांडीवरून पोर देताना रडली नव्हती, ती भिंतीला टेकून खाली बसली.

निघायच्या वेळी मनकर्णाबाईनंच मला उचललं, निवडलेल्या तांदळातली एक ओंजळ आत घातली आणि झाकण दाबलं. "पुढच्या खेपेला सकाळच्या गाडीनं ये," ती दगडाबाईला म्हणाली. "दुपारचं ऊन लई असतं." माफी मागणं तिला जमलं नाही. मलाही जमत नाही, म्हणून मी तिला बोल लावत नाही.

पुढं कौतिका शिकली, तिचं लग्न झालं. कन्यादान आवडाबाई-बद्रीनाथनं केलं, हळद पहिली दगडाबाईनं लावली. सासरच्या एका शहाण्या माणसानं मांडवात विचारलं, "यातली खरी आई कोणती?" नवरी मुंडावळ्या सावरत म्हणाली, "दोन्ही खऱ्या. खोटी बघायची असेल तर दुसऱ्या मांडवात जा." ती जीभ मनकर्णाबाईची होती बरं का. नाक जन्मानं मिळतं, जीभ सहवासानं.

कौतिकासोबत मीही तिच्या सासरी आले. मग स्टील आलं आणि मी माळ्यावर गेले. वीस वर्षं धूळ खाल्ली. कौतिकाचा मुलगा वाळूजच्या कारखान्यात कामाला आहे. त्याच्या बायकोनं मला खाली काढलं, आणि माझ्यात मनीप्लांट लावला. माझ्यात, जिच्यात खरवस असायचा. मी चिडले, पण मुकाट्यानं मुळं सांभाळली. गेल्या दिवाळीत कौतिकानं ते रोप कुंडीत लावलं, चिंच लावून मला घासलं, आणि गावभर फिरून एक कल्हईवाला शोधून काढला. आता मी तिच्या ओट्यावर आहे. नाव बाहेरच्या बाजूला.

मित्रांनो, तुमच्या वर्गात एखादं पोर असं असेल, एकीनं जन्म दिलेलं आणि दुसरीनं वाढवलेलं. त्याला 'तुझी खरी आई कोणती' असं विचारू नका. तो प्रश्न त्याच्या पोटात कळकतो. आणि घरातली मोठी माणसं तुमच्यापासून काही लपवत असतील तर त्यांना माझी गोष्ट वाचून दाखवा. म्हणावं, एक अडाणी भांडं सांगतंय, पोराला दोन घरं असली म्हणून पोर तुटत नाही. दोन घरांनी एकमेकांचं दार लावून घेतलं तर तुटतं. तेव्हा दार उघडं ठेवा, आणि मधून मधून आत वाकून बघत जा.