फाळक्यावरच्या दोन थापा

मी एक जुना पिकअप ट्रक आहे, मित्रांनो. माझा निळा रंग कधीच उडाला आहे आणि एका दाराचा कडी-कोयंडा तारेने आवळलेला आहे. पण माझ्या मागच्या फाळक्याजवळ, म्हणजे माल चढवायच्या झडपेजवळ, नाक नेलेत, तर अजूनही पावाचा वास येईल.

कारखान्यातल्या जन्माचे मला फारसे आठवत नाही. ठिणग्या, रंगाचा उग्र वास आणि रांगेत माझ्यापुढे उभी असलेली माझ्यासारखीच दुसरी गाडी, एवढेच. माझे खरे आयुष्य सुरू झाले ते एका बेकरीच्या दारात. बेकरी नवरा-बायको चालवत. तो पीठ मळायचा, ती भट्टी सांभाळायची आणि पावाचे ट्रे गरम असतानाच माझ्या पाठीवर चढायचे.

माल भरण्याची तिची एक शिस्त होती. जे आधी उतरायचे, ते शेवटी भरायचे. पहिल्या दुकानाचे ट्रे फाळक्याजवळ आणि शेवटच्या दुकानाचे पार आत, केबिनला लागून. कुणी उलटसुलट भरले की ती कमरेवर हात ठेवून म्हणायची, "आता दुकानाच्या दारात उपसाउपशी करत बसा. पाव विकतोय की भंगार?"

दुसरी शिस्त माझ्यासाठी होती. निघण्यापूर्वी ती माझ्याभोवती एक फेरी मारायची. प्रत्येक चाकाला तळहात लावायची, वाकून खाली तेल गळते का ते बघायची, ओढणीच्या टोकाने दिवे पुसायची. तो स्टिअरिंगवर बोटे वाजवत ओरडायचा, "अगं, गाडी आहे ती. नवरदेव नाही!"

"नवरदेवाकडे एवढं निरखून बघितलं असतं, तर लग्न केलं असतं का?" ती म्हणायची.

फेरी संपली की ती फाळक्यावर दोन थापा मारायची. धप्, धप्. त्या पडेपर्यंत तो चावी फिरवायचा नाही. थट्टा रोज करायचा, पण चावी फिरवायचा नाही.

अशी आमची वर्षे गेली. दुकानदार म्हणायचे, पाववाल्यांची गाडी आली म्हणजे घड्याळ बघायला नको. मला ते ऐकून बरे वाटायचे. त्यांची मुलगी माझ्या पाठीवर ट्रेंच्या मधे बसून मोठी झाली, लग्न करून डोंगरापलीकडच्या गावी गेली.

मग मालकीण आजारी पडली. दवाखान्यात जाताना ती माझ्यातच बसली होती, त्याच्या शेजारच्या सीटवर, मांडीवर पिशवी घेऊन. परत येताना त्या सीटवर नुसती पिशवी होती.

त्यानंतर त्याने भट्टी पेटवली नाही. मला पत्र्याच्या शेडमध्ये उभे केले आणि दार ओढून घेतले. माझी बॅटरी उतरली. चाके बसली. सीटखाली उंदरांनी संसार थाटला. मित्रांनो, चालून चालून झिजणे मला ठाऊक होते. उभे राहूनही झिजता येते, हे तिथे कळले.

एक दिवस शेडचे दार उघडले. मुलगी आली होती.

"बाबा, मी तिकडे बेकरी काढतेय. जागा मिळाली. मला आईची भट्टी हवी."

त्याने शेडचे दार पुरते उघडले. मग म्हणाला, "ने. तुझीच आहे."

"मी मोठा टेम्पो सांगते. माणसं येतील, उचलतील..."

"परकी माणसं भट्टीला हात लावणार नाहीत," तो म्हणाला. "ट्रेलर आणू. हा ओढेल."

हा म्हणजे मी. मुलीने माझ्या बसलेल्या चाकांकडे पाहिले.

मिस्त्री आला. त्याने मला चहूबाजूंनी बघितले, डोके खाजवले आणि विचारले, "पाववाले, याला ओढायला लावायचंय, की याला ओढून न्यायचंय? दोन्हीची सोय आहे माझ्याकडे."

"तू तोंड बंद कर आणि बॉनेट उघड."

मिस्त्रीने बॉनेटही उघडले आणि तोंडही चालूच ठेवले. रेडिएटरमधून गंजाचे तांबडे पाणी काढले, कडक झालेले रबरी पाइप बदलले, पंख्याचा पट्टा बदलला. "घाट चढताना हा तापणार. तापला की थांबायचं. अभिमान धरायचा नाही." गिअरचे तेल बदलले. ब्रेकचे जुने तेल काढून मालकाच्या नाकाशी धरले. "हे असंच ठेवलं असतं, तर उतारावर उकळलं असतं. मग पाय दाबत बसा, खाली नुसती हवा." नवे लायनर बसवले, नवे टायर चढवले, मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांत एक पाटा वाढवला. ट्रेलर जोडायचा गोळा त्याने बंपरला लावू दिला नाही. खाली जाड पट्टी टाकून थेट चासीला, माझ्या सांगाड्याला आवळला. दोन साखळ्या दिल्या. ट्रेलरच्या दिव्यांची वायर जोडली आणि शेवटी स्टिअरिंगखाली एक खटका बसवला.

"हा फक्त ट्रेलरचा ब्रेक," तो म्हणाला. "ट्रेलर मागे शेपटीसारखा हलायला लागला, तर गाडीचा ब्रेक दाबायचा नाही. पाय उचलायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि हा खटका ओढायचा. ताई, तुम्हीही ऐकून ठेवा."

"ऐकलं," मुलगी म्हणाली.

"आणि वजन पुढे घ्या. जड वस्तू ट्रेलरच्या चाकांच्या थोडी पुढे, गाडीकडे."

"माल कसा भरायचा ते मला शिकवतोस?" मालक म्हणाला. "माझा जन्म माल भरण्यात गेला."

मिस्त्री हसला आणि हात पुसत निघून गेला. मला वाटले, त्याने थांबायला हवे होते.

भरायच्या दिवशी शेजारपाजारचे चार जण आले. आधी टेबल गेले, ट्रे गेले, ट्रे ठेवायची पाइपांची घोडी गेली, पीठ मळायचे मशीन गेले. सगळे पुढे. सगळ्यात शेवटी भट्टी आली. लोखंडाची, विटांच्या अस्तराची, माझ्या निम्म्या वजनाची. ती ट्रेलरच्या पार मागच्या टोकाला उभी राहिली.

"बाबा, भट्टी शेवटी?" मुलीने विचारले.

"तिकडे आधी काय उतरणार? भट्टी. ती जागेवर बसल्याशिवाय बाकीचं ठेवता येणार नाही. मग शेवटी काय भरायचं? तुझ्या आईची शिस्त आहे ही."

आईचे नाव निघाल्यावर मुलीनेही दोर हातात घेतला. भट्टी दोरांनी करकचून बांधली गेली. आणि मला कळले की काहीतरी चुकले आहे. ट्रेलर जोडला की माझी पाठ थोडी दबायला हवी होती. ती उचलली गेली होती. ट्रेलरचे नाक मला वर ओढत होते. माझी मागची चाके रस्त्यावर होती, पण रस्त्यावर त्यांचा जोर नव्हता.

कुणी एक फेरी मारली असती तर हे दिसले असते. पण फेरी मारणारी नव्हती, आणि तिची जागा घ्यायची कुणाची हिंमत नव्हती. फाळक्यावर थापा पडल्या नाहीत. मालक क्षणभर चावी धरून बसून राहिला. मग त्याने ती फिरवली.

सपाटीवर एक बस बाजूने गेली आणि ट्रेलरने मागे एक हलका हिसका दिला. "वारा," मालक म्हणाला. घाटात माझा काटा तांबड्या रेषेकडे सरकू लागला, तेव्हा त्याने मिस्त्रीचे ऐकून मला कडेला घेतले, निवू दिले. तेवढे तो शहाणपणाने वागला. माथ्यावर पोचलो तेव्हा मुलगी म्हणाली, "उतरून एकदा बघू या का?"

"कशाला? चढला ना छान?"

चढण्यात माझी परीक्षा नव्हती, मित्रांनो. ती पुढे होती.

उताराच्या पहिल्या वळणावर ट्रेलर डावीकडे गेला. मग उजवीकडे. मग पुन्हा डावीकडे, आधीपेक्षा जास्त. भट्टी मागून मला फरफटत नेत होती. माझी मागची चाके तिच्याबरोबर घसरत होती. एका बाजूला डोंगराची भिंत, दुसऱ्या बाजूला बुटका कठडा आणि त्यापलीकडे काही नाही. मालकाने घाबरून ब्रेकवर पाय रोवला. मी हळू झालो, पण ट्रेलर झाला नाही. तो आणखी जोरात कठड्याकडे फेकला गेला. मला ओरडता येत नाही. मी फक्त टायर किंचाळवू शकलो.

"बाबा, पाय उचला!"

"अगं थांबत नाहीये..."

"पाय उचला म्हणते ना! स्टिअरिंग सरळ धरा!"

आणि तिनेच वाकून खटका ओढला.

मागून एक लांब करकर आली. ट्रेलरने मला मागे खेचले, एकदा हलला, अर्धा हलला आणि सरळ झाला. मालकाने पाय उचलला होता. माझा चौथा गिअर गेला, तिसरा आला, दुसरा आला. वळणापुढे कडेला खडीची सपाट जागा होती. तिथे मी थांबलो. माझ्या ब्रेकमधून धूर येत होता. नवे तेल उकळले नव्हते.

 मग मुलगी उतरली. तिने चाकांना दगड लावले आणि माझ्याभोवती फिरू लागली. प्रत्येक चाकाजवळ तळहात नेला, गरम लागला तसा झटकन मागे घेतला. वाकून खाली बघितले. मागे आली, आणि थांबली.

"बाबा, इकडे या. बघा हा कसा उभा आहे."

मालक आला. मी शेपूट वर करून उभा होतो आणि ट्रेलर मागच्या अंगाने बसला होता. तो बघत राहिला. मग खडीवर बसला.

"तिची शिस्त होती गं," तो म्हणाला. "मी तिचंच ऐकत होतो."

मुलगी त्याच्याशेजारी बसली. "आईनं ती पावासाठी लावली होती, बाबा."

त्याने भट्टीकडे पाहिले. "पावाला वजन नसतं," तो म्हणाला. "आज ती असती तर फाळक्याजवळ उभी राहून मला मूर्ख म्हणाली असती."

"आधी म्हणाली असती. निघायच्या आधी."

तो हसला. शेडचे दार ओढून घेतल्यानंतर पहिल्यांदाच.

मग दोघे कामाला लागले. ट्रेलरच्या मागच्या टोकाखाली लाकडी ओंडका दिला. टेबल, ट्रे, मशीन, सगळे खाली उतरवले. घोडीचे पाइप सोडवून भट्टीखाली सरकवले आणि पहारीने भट्टी बोटा-बोटाने पुढे ढकलली. "हळू, बाबा." "हळूच आहे." "तुमचं हळू मला माहीत आहे." भट्टी ट्रेलरच्या चाकांच्या थोडी पुढे आली, तशी माझी पाठ दबली. माझ्या चाकांना पुन्हा रस्ता मिळाला. भट्टी आवळून बांधली. हलके सामान मागे गेले.

मालक स्टिअरिंगवर येऊन बसला. चावी लावली, पण फिरवली नाही. आरशात मागे बघत राहिला. मुलगी पुन्हा माझ्याभोवती फिरत होती. साखळ्या ओढून बघितल्या, दिवे बाहीने पुसले. मग फाळक्याशी आली.

धप्, धप्.

मालकाने डोळे पुसले आणि चावी फिरवली.

आता मी डोंगरापलीकडे, त्या भट्टीच्या दारातच असतो. मालकही इथेच राहतो. पाव पुन्हा माझ्या पाठीवर चढतात आणि आधी उतरायचे ते अजूनही शेवटीच भरतात. पावाला ती शिस्त बरोबरच आहे.

मित्रांनो, आम्हा गाड्यांना बोलता येत नाही. आम्ही वाकतो, तापतो, गळतो, पाठ उचलतो. सांगायचे ते सगळे अंगावर दिसत असते, पण बघायला कुणीतरी खाली उतरावे लागते. म्हणून निघण्यापूर्वी एक फेरी मारा, चाकाला हात लावा. ज्याच्यावर तुमचे ओझे आहे, त्याला घाईत गृहीत धरू नका.

आणि कधी पहाटे आमच्या बेकरीवरून गेलात, तर क्षणभर थांबा. एक म्हातारा गाडीभोवती सावकाश फिरताना दिसेल, आणि आत बसलेली त्याची मुलगी स्टिअरिंगवर बोटे वाजवत असेल.