आठ खटक्यांचा ओव्हन

कारखान्यात तिला सगळे कानसेन म्हणत. गाण्यातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. पण मिक्सर करकरतोय तो बेअरिंग झिजल्यामुळे की नुसतं भांडं वाकडं बसल्यामुळे, हे ती शेजारच्या खोलीतून सांगायची. स्वयंपाकघरातली उपकरणं बनवणाऱ्या त्या कंपनीच्या चाचणी विभागात तिची एकोणीस वर्षं गेली होती. बटणं हजारो वेळा फिरवून बघायची, झाकणं उघडायची, मिटायची, कुठे काही खुट्ट झालं की फॉर्मवर लिहायचं आणि खाली सही करायची. तिच्या सहीशिवाय कुठलाही नवा माल विक्रीला जात नसे.

नवरा जाऊन पाच महिने झाले होते. बसथांब्यावर उभ्या उभ्या कोसळला आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. ती रडली नाही. लोक आधी म्हणाले, धीराची आहे. मग म्हणाले, काळजाचा दगड केलाय. मग म्हणायचे थांबले. तिला स्वतःला दगडबिगड काही वाटत नव्हतं. दात काढताना हिरडीला इंजेक्शन देतात ना, तसं वाटायचं. हिरडी आपलीच, जागच्या जागी आहे, पण दातांखाली आली तरी कळत नाही. दहा दिवसांनी ती कामावर परतली आणि पहिल्याच दिवशी तीन टोस्टर नापास केले.

घरात आता दोघीच, ती आणि सासूबाई. सासूबाईंची नजर अधू झाली होती, तीही विचित्र रीतीने. कडेकडेचं दिसायचं, मधलं दिसायचं नाही. समोरच्या माणसाचे कान दिसायचे, चेहरा नाही. "बरंय की," त्या म्हणायच्या, "कुणाची तोंडं बघावी लागत नाहीत."

स्वयंपाकघर मात्र त्यांनी सोडलं नव्हतं. तिथे त्यांचा पस्तीस वर्षांचा ओव्हन होता, सायीच्या रंगाचा, एका कोपऱ्यात चेपलेला. त्याला दोन गोल बटणं. डावं आचेचं. फिरवलं की खट, खट, खट असे एकूण आठ खटके. बटाटे भाजायला पाच, पाव गरम करायला दोन. उजवं वेळेचं. पिळलं की किर्रर्र करत चावी भरायची, मग वेळ संपेपर्यंत टिकटिक आणि शेवटी टण्ण. त्यात डोळ्यांचा काही संबंधच नव्हता.

त्याच सुमारास कंपनीने जुन्या वळणाची उपकरणं काढायचं ठरवलं. काचेच्या सपाट पट्ट्यांना लोक कंटाळले होते. म्हणून गोलसर कडांचा, पिस्त्याच्या रंगाचा ओव्हन, चकचकीत पट्टीची केटली, तापमान दाखवायला काटा, आणि मधोमध भलंमोठं गोल बटण. दिसायला देखणं होतं सगळं. पण दुकानात नुसता दाखवायला ठेवलेल्या नमुन्याचं बटण लोक एकदा फिरवून बघायचे आणि खांदे उडवून पुढे जायचे. बटण लोण्यातून फिरवल्यासारखं फिरायचं. हाताला काही लागतच नसे.

डिझाईन विभागाचा प्रमुख वयाने तिच्यापेक्षा बराच लहान होता. पांढऱ्या मिशा नसतानाही सगळे त्याला 'आजोबा' म्हणत, कारण त्याला जुन्या वस्तूंचं वेड. तो तिच्याकडे आला.

"ताई, खरा खटका हवाय. कानाला गोड लागेल असा. कुठे मिळेल?"

"आमच्या घरी आहे," ती म्हणाली.

ती हे का बोलली, ते तिला नंतरही सांगता आलं नाही. त्याने विचारलं, तिला उत्तर माहीत होतं, तिने दिलं. एवढंच. हे कानावर येताच कारखान्याचे साहेब तिला म्हणाले, "आणा ना चार दिवस. घरी बदली म्हणून आपला नवा ठेवा, काचेच्या पट्टीचा."

संध्याकाळी तिने सासूबाईंना सांगितलं, "आई, ओव्हन जरा दुरुस्तीला नेते."

"त्याला काय धाड भरलीय?"

"आतली वायर कमकुवत झालीय."

तिने वायर नीट गुंडाळली, दोरीने बांधली, तबक काढून कागदात ठेवलं, आणि सकाळी कंपनीच्या गाडीने ओव्हन नेला. त्याच्या जागी काळ्या काचेचा, आरशासारखा चकचकीत ओव्हन आला.

त्या ओव्हनला बटणं नव्हती. काचेवर बोट टेकवलं की चालू, पुन्हा टेकवलं की बंद. दिसणाऱ्याला सोपं. पण ज्याला हात फिरवून जागा शोधायची आहे, त्याचा हात शोधता शोधताच ओव्हन चालू करायचा, आच वाढवायचा, बंद करायचा. तिने काचेवर चिकटपट्टीचे तुकडे लावले. सासूबाईंचं बोट पट्टीला लागलं की तेही बटण दाबल्यासारखंच व्हायचं.

आठवडा झाला. चाराचे आठ दिवस झाले, तरी आजोबांचं काम संपेना. एका संध्याकाळी ती घरी आली तेव्हा सासूबाई स्वयंपाकघरात स्टुलावर बसल्या होत्या, ओव्हनकडे तोंड करून. आत कच्चे बटाटे तसेच.

"अगं, हे चालू आहे की बंद?" त्या म्हणाल्या. "दुपारी दोनपासून विचारतेय त्याला. मूग गिळून बसलंय."

"बंद आहे, आई."

"मग मगाशी टूंटूं करत होतं ते कशाला?"

तिने बोट टेकवून ओव्हन लावला. बटाटे भाजून होईपर्यंत दोघी गप्प बसल्या. पूर्वी इथे टिकटिक असायची, हे तिच्या लक्षात आलं. लक्षात आलं, एवढंच. वाईट वाटायला हवं होतं, हेही लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती डिझाईन विभागात गेली. पांढऱ्या टेबलावर ओव्हन पसरलेला होता. पत्रा एकीकडे, दार एकीकडे, आणि आचेचं बटण करवतीने उभं मधोमध कापलेलं.

"ताई, बघा तर!" आजोबा हरखून म्हणाला. "पोलादाची एवढीशी पट्टी आणि दात्यांचं चाक. पस्तीस वर्षं! एक दाता झिजलेला नाही. हा आवाज आम्ही सात माइक लावून रेकॉर्ड केलाय."

"हे परत जोडता येईल?"

त्याने कापलेल्या बटणाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि त्याचा चेहरा पडला. "साहेब म्हणाले होते तुम्ही दिलाय म्हणून. म्हणजे... कायमचा."

"बरं," ती म्हणाली, आणि आपल्या जागेवर जाऊन बसली. दुपारपर्यंत तिने केटलीची झाकणं तपासली.

घरी गेल्यावर तिने चपला काढल्या, हात धुतले आणि सासूबाईंच्या समोर बसली. "आई, ओव्हन दुरुस्तीला नव्हता. कारखान्यात नमुना म्हणून दिला होता. त्यांनी तो कापला. आता परत येणार नाही."

"मला ठाऊक होतं दुरुस्तीला नाही ते," सासूबाई म्हणाल्या. "दुरुस्तीला न्यायच्या वस्तूबरोबर कुणी तबकही कागदात गुंडाळून देत नाही. कापला मात्र माहीत नव्हतं." मग म्हणाल्या, "मला विचारलं असतंस तर मी दिलाही असता. न विचारता नेलास, ते लागलं."

"चुकलंच माझं."

"तू हल्ली काही विचारतच नाहीस, गं. चहा हवा का, तेही नाही. आणून ठेवतेस. मीही पिते. दोघी जणी आपल्या लॉजमध्ये उतरल्यासारख्या राहतो."

ते खरं होतं.

महिन्याभराने नवा नमुना तिच्या टेबलावर आला. पिस्त्याच्या रंगाचा ओव्हन. तिने बटण फिरवलं आणि आतून खट, खट, खट आला. हुबेहूब त्यांच्याच ओव्हनचा आवाज. आजोबा शेजारी श्वास रोखून उभा होता. तिने डोळे मिटून पुन्हा फिरवलं. आवाज होता, पण बोटांना काहीच लागत नव्हतं. बटण अजून लोण्यातूनच फिरत होतं. तिने ओव्हन उलटा करून तळाचे स्क्रू काढले. बटणामागे नखाएवढा स्पीकर बसवला होता.

तिने फॉर्म ओढला आणि लिहिलं, 'नापास. हाताला कळत नाही.'

साहेब आले. "कानसेनबाई, आवाजात काही खोट आहे का?"

"नाही."

"मग तुमचं काम संपलं. हाताचं कुठे आलं मध्येच?"

"बटण हाताने फिरवतात, साहेब."

"पुढच्या महिन्यात माल बाजारात जायचाय. सही करा."

ती भांडली नाही. आवाज चढवायला आत काहीतरी पेटावं लागतं, तसं काही नव्हतं. तिने पेनला टोपण लावून ते बाजूला ठेवलं, एवढंच. साहेबांनी समजावलं, मग दरडावलं, मग पुन्हा समजावलं. दगडावर पाणी. शेवटी आजोबाच म्हणाला, "ताई, ज्यांचा ओव्हन होता, त्यांनाच दाखवूया का? त्या हो म्हणाल्या तर तुम्ही सही करा."

दोन दिवसांनी सासूबाई चाचणी विभागात आल्या. इस्त्रीची साडी, हातात पर्स, कुणाच्या तरी लग्नाला निघाल्यासारख्या. साहेबांनी खुर्ची दिली. समोर ओव्हन ठेवला. त्यांनी आधी त्याच्या कडांवरून हात फिरवला, दार उघडलं, मिटलं.

"अंग छान आहे," त्या म्हणाल्या. मग बटणाला हात घातला. खट, खट. त्या थांबल्या. कान टवकारले. पुन्हा फिरवलं, भरभर. आवाज बोटांच्या मागून धावत आला, जरा उशिरा.

"हा माझा आवाज आहे," त्या म्हणाल्या. "माझ्या ओव्हनचा."

"बरोबर, आजी!" आजोबा खूश झाला. "ओळखलात!"

"ओळखला, पण हा आत राहत नाही. कुणीतरी पडद्याआडून नक्कल करतंय. वरून कीर्तन, आतून तमाशा." त्यांनी साहेबांच्या दिशेला मान वळवली, म्हणजे साहेबांच्या कानाकडे. "अहो, घरात मिक्सर चालू असला, कुकरची शिट्टी झाली, तर मी हे ऐकायचं कसं? बोटांना दाता लागला की मला बाकी काही लागत नाही. चाळीशी लावूनही वाचता न येणाऱ्या माझ्यासारख्या बायका तुमच्या गिऱ्हाइकात नाहीत का?"

साहेबांनी स्वतः बटणाला हात घातला, डोळे मिटले, फिरवलं. बराच वेळ फिरवत राहिले. "माझी आईसुद्धा मायक्रोवेव्ह लावायला मला फोन करते," ते कुणाला तरी, बहुधा स्वतःलाच, म्हणाले.

पुढे जे झालं त्याला विजय वगैरे म्हणायचं कारण नाही. आजोबाने हिशेब मांडला तेव्हा पोलादाची पट्टी आणि दात्यांचं चाक स्पीकरपेक्षा स्वस्त निघालं, आणि मग वरच्या लोकांनाही ते एकदम पटलं. माल दीड महिना उशिरा निघाला. खटके आठाचे सहाच ठेवले. टिकटिक ठेवली नाही. तिने सही केली.

पहिल्या खेपेतला एक ओव्हन कंपनीने सासूबाईंना पाठवला, वर साहेबांची चिठ्ठी. सासूबाईंनी त्याच्याशी आठवडाभर वाद घातला. पाच खटके म्हणजे आता जुने सात, हे ध्यानात येईपर्यंत त्यांनी दोन तबकं बटाट्यांचा कोळसा केला. "नवी सून आल्यासारखं आहे," त्या म्हणाल्या. "हिच्याही खोडी शिकायला लागतील."

एका सुट्टीच्या दिवशी सकाळी दोघी स्वयंपाकघरात बसून बटाटे सोलत होत्या. सासूबाईंनी विचारलं, "त्या दिवशी तुला एवढा उशीर का झाला गं? मी कधी विचारलं नाही."

कुठल्या दिवशी, ते तिने विचारलं नाही.

"मी आवाजबंद खोलीत होते," ती म्हणाली. "तिथे फोन नेत नाहीत. कपाटात ठेवला होता. बाहेर आले तेव्हा अकरा फोन येऊन गेले होते. दवाखान्यातून सात. चार त्याच्या फोनवरून, बसथांब्यावरच्या कुणीतरी केलेले."

सासूबाईंची सुरी थांबली नाही. साल लांब, न तुटता खाली येत राहिली.

"काय ऐकत होतीस तिथे?"

"केटलीची शिट्टी."

"चांगली होती?"

तिने विचार केला. "हो. पास केली."

"मग झालं," सासूबाई म्हणाल्या. "काम करत होतीस. माझा फोन तर माझ्या हाताशीच होता. मला कुणी केलाच नाही."

दोघींपैकी कुणीच रडलं नाही. सासूबाईंनी सोललेला बटाटा पाण्यात टाकला आणि हात पुढे केला. तिने पुढचा बटाटा त्यांच्या हातात दिला, आणि मग आठ-नऊ महिन्यांत पहिल्यांदाच विचारलं, "आई, चहा टाकू का?"

"टाक," सासूबाई म्हणाल्या. "साखर कमी."