गयेला सोडलेला बटाटा

नंदकिशोर बर्व्यांनी गयेला कारलं सोडलं.

गयेचा नियमच तसा आहे. पिंडदान झालं की पंडा सांगतो, आता आवडीची एक भाजी आणि एक फळ इथे सोडा, पुन्हा जन्मात तोंडात घालू नका. ज्याच्यासाठी आलात त्याला ते पोचतं. माणसं मग मोठ्या श्रद्धेने नावडत्या वस्तू सोडून येतात. बोरीवलीत बर्व्यांच्याच सोसायटीत एकांनी दुधी सोडला होता, एकींनी पडवळ. हापूस सोडून आलेला माणूस नंदकिशोरांच्या ऐकिवात नव्हता. त्यांनी स्वतः कारलं आणि पपनस सोडलं. पपनस शेवटचं कधी पाहिलं हेही त्यांना आठवत नव्हतं. पुढे डॉक्टरांनी मधुमेह काढला आणि रोज सकाळी कारल्याचा रस घ्या म्हणाले, तेव्हा त्यांनी हात जोडले. "गयेला सोडलंय हो." धर्म कधीकधी असा अचानक उपयोगी पडतो.

माणिकताईंनी बटाटा सोडला.

पंड्यालासुद्धा ते बरं वाटलं नाही. "माताजी, आलू? सोच लीजिए. आलू तो सब में होता है."

"म्हणूनच," माणिकताई म्हणाल्या.

त्याला मराठी कळलं नसावं, पण त्याने पुढचा मंत्र सुरू केला.

ते दोघं गयेला गेले होते मुलासाठी. अनय. गोरेगावच्या ऑफिसात दुपारच्या मीटिंगमध्ये बसल्या बसल्या त्याचं डोकं टेबलावर टेकलं, आणि शेजारच्याला वाटलं, कंटाळला असेल. तिथे सगळेच कंटाळलेले होते, त्यामुळे कळायला वेळ लागला. वय एकतीस. लग्नाला दोन वर्षं झाली होती. आईबापांनी मुलाचे पिंड द्यायचे, हा क्रम उलटा आहे हे पंड्यालाही माहीत होतं. त्याने दक्षिणेत घासाघीस केली नाही.

तेव्हापासून घरात बटाटा आला नाही. साबुदाण्याची खिचडी काकडी घालून व्हायला लागली. सामोसे दारावरून परत गेले. नंदकिशोरांनी काही बटाटा सोडलेला नव्हता, पण बायको समोर भोपळा खात असताना आपण बटाटा मागायचा, इतकं धैर्य त्यांच्यात नव्हतं. स्टेशनाकडे काम निघालं की ते तिथे उभ्या उभ्या एक वडा खात आणि घरी येऊन चूळ भरत. माणिकताईंना ते माहीत होतं. त्या काही बोलत नसत.

अनयची बायको रेवती. ती वर्षभर सासू-सासऱ्यांजवळ राहिली, मग नोकरी बदलली तशी नाहूरला भाड्याने जागा घेऊन गेली. जाताना माणिकताईंनीच तिचा मिसळणाचा डबा भरून दिला होता. तिकडून ती महिन्यातून दोनदा रविवारी यायची, आईंचे गुडघे चोळून द्यायची, बाबांचा फोन दुरुस्त करायची. फोन बहुधा बिघडलेला नसायचाच.

मागच्या रविवारी तिने गुडघे चोळता चोळताच सांगितलं. देवदत्त नावाचा माणूस आहे. घाटकोपरला क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. चिपळूणला माझ्या आईला सांगितलं, तिची हरकत नाही. तुम्हाला विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही, असं माझं मी ठरवलंय.

माणिकताईंनी पाय ओढून घेतला नाही. नुसत्या म्हणाल्या, "तेल पुरे झालं."

नंतर नवऱ्याला म्हणाल्या, "येऊ दे त्याला रविवारी जेवायला. मी कोणाला अडवलेलं नाही. पण माझ्याच्याने स्वयंपाक व्हायचा नाही. आणि मी बाहेरही यायची नाही. डोकं दुखतंय म्हणून सांगा."

"रविवारी दुखणारंय?"

"हो. रविवारी."

नंदकिशोरांनी रेवतीला फोन करून हे जमेल तितकं गोड करून सांगितलं. रेवती म्हणाली, "बाबा, स्पष्टच सांगते. आई आमच्याबरोबर पानावर बसल्या, तर मी पुढे जाईन. नाही बसल्या तर राहिलं. मी रागावणार नाही. पण मग ते तिथेच संपलं."

"अगं, असं एका जेवणावर..."

"जेवणावर नाही हो. त्यांच्यावर."

फोन ठेवल्यावर नंदकिशोर बराच वेळ गॅलरीत उभे राहिले. समोर नॅशनल पार्कच्या कुंपणावर माकडं सहकुटुंब बसली होती. मुलगा गेला तेव्हा सांत्वनाला आलेल्या प्रत्येकाने सांगितलं होतं, सून आहे ना, तिला मुलगी समजा. समजून झालं होतं. आता मुलीचं लग्न करायची वेळ आली, तर ते सांगणारे कुठे गेले कोण जाणे.

रविवारी सकाळी ते स्टुलावर चढले आणि माळ्यावरून ओव्हन काढला. जुन्या चादरीत बांधलेला, अनयचा. नंदकिशोर वीज मंडळातून निवृत्त झालेले, त्यामुळे प्लग तपासण्यात त्यांचा अर्धा तास गेला. स्वयंपाक म्हणाल तर त्यांना वरण-भाताचा कुकर लावता यायचा आणि दुसरा एकच पदार्थ यायचा, तोही हाताखालच्या माणसाइतपत. दर रविवारी अनय ओव्हनमध्ये बटाटे भाजायचा, आणि बटाटे घासून धुणं ही वडिलांची कामगिरी असायची. रेवती ते ताटली चाटून खायची. हे आठवलं, म्हणून त्यांनी तेच करायचं ठरवलं. माणूस आनंदाने निर्णय घेतो तेव्हा त्याची दुसरी बाजू त्याला दिसत नाही. तीस वर्षं फाइली हलवूनही नंदकिशोरांना ती दिसली नाही. ज्या बाईला पानावर बसवायचं, तिने सोडलेलीच वस्तू ते बाजारातून सव्वा किलो घेऊन आले.

बटाटे लहान, सालीसकट, मधून चिरलेले. पाण्यात अर्धवट उकडायचे, पाणी ओतून टाकायचं, आणि झाकण घालून पातेलं खळाखळा हलवायचं. कडा खरखरीत व्हायला हव्यात, म्हणजे त्या कुरकुरीत होतात, असं अनय म्हणायचा. नंदकिशोरांनी पातेलं हलवलं. चष्मा खाली आला. ट्रेमध्ये तेल तापवलं, बटाटे त्यात उताणे मांडले, वर मीठ, मिरपूड, ठेचलेला लसूण. ओव्हनचं दार लावलं आणि ते आतल्या लाल तारेकडे बघत बसले.

अर्ध्या तासाने घरभर वास सुटला. मग बेडरूमचं दार उघडलं.

माणिकताई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या. ओव्हनकडे बघितलं. ओट्यावर उरलेल्या बटाट्यांकडे बघितलं.

"घरात बटाटा आणलात?"

नंदकिशोरांना तेव्हा कळलं. "मी... तो रेवतीला... माझ्या डोक्यातच नाही आलं गं."

"नाही येणार. ओव्हन कोणी काढला?"

"मी. स्टुलावर चढून."

"पडला असतात म्हणजे? आज दोघंदोघं माणसं जेवायला येणार, आणि तुम्ही पाय मोडून बसला असता."

"काढून टाकू का? खाली वॉचमनला देऊन येतो."

माणिकताईंची नजर मिक्सरच्या भांड्यावर गेली. आत काळपट, गढूळसं काहीतरी होतं.

"आणि हे काय? डांबर?"

"सॉस. कोथिंबीर, पुदिना, शेपू, मिरची, लिंबू. सगळं आहे त्यात."

"किती वेळ फिरवलात?"

"बारीक होईपर्यंत."

"तापला तो. तापला की काळा पडतो. बर्फ घालायचा असतो, आणि थांबून थांबून फिरवायचा. आणि लिंबू शेवटी." त्यांनी भांडं सिंकमध्ये उपडं केलं. "दर रविवारी त्याच्या शेजारी उभे असायचात, आणि एवढंही बघितलं नाहीत?"

"मी बटाटे धुवायचो."

"शेपूची भाजी जन्मात खाल्ली नाही त्याने," माणिकताई फ्रीज उघडत म्हणाल्या. "ताट भिरकावलं होतं एकदा. आणि मग म्हणे, आई, शेपू आणून ठेव, सॉसला लागते. म्हटलं, मेल्या, चटणीत तेल जास्त ओतलं की तुझा सॉस होतो."

"मेल्या" हा शब्द त्यांच्या तोंडून निघाला आणि त्या थांबल्या. बर्फाचा ट्रे हातात होता. नंदकिशोर ओट्याकडे बघत राहिले. ओव्हनमध्ये तेल तडतडत होतं.

मग त्यांनी ट्रे पिळला, बर्फाचे खडे भांड्यात टाकले. उरलेली कोथिंबीर निवडली, कोवळे देठ ठेवले, पुदिन्याची पानं खुडली. शेपू चिमूटभरच. मिक्सर थांबून थांबून फिरला. वर तेलाची धार, लिंबू. तळहातावर घेऊन चाखलं, आणि आणखी अर्धं लिंबू पिळलं. पोपटी, चकचकीत असा सॉस त्यांनी वाटीत काढला, हात धुतले, पदराला पुसले.

"बटाटे उलटा आता. एका बाजूने करपतायत."

एवढं सांगून त्या खोलीत निघून गेल्या आणि दार लावून घेतलं. नंदकिशोरांनी बटाटे उलटले. आशा बाळगावी की नाही हे त्यांना ठरवता येईना, म्हणून त्यांनी पानं घेतली. चार.

पाहुणे वेळेवर आले. देवदत्त उंच, किंचित वाकून चालणारा माणूस होता. त्याने पेढ्यांचा पुडा आणला होता, आणि तो कुठे ठेवावा हे न कळून हातातच धरून बसला होता. पेढे देणं म्हणजे ठरलंच असं होईल, आणि न देणं बरं दिसणार नाही. फिजिक्सच्या माणसालाही सुटणार नाही असा तो पेच होता. शेवटी रेवतीने पुडा घेऊन फ्रीजवर ठेवला.

"आईंचं डोकं दुखतंय का?" तिने विचारलं.

"थोडंसं," नंदकिशोर म्हणाले.

रेवतीने मान हलवली. बंद दाराकडे बघितलं, टेबलावरच्या चार पानांकडे बघितलं. मग मधला ट्रे तिला दिसला, आणि ती खुर्चीत बसलीच. "बाबा, हे तुम्ही केलंत?"

"सॉस नाही."

तिने वाटीकडे पाहिलं आणि ओठ दाबले.

तिघं बसले. नंदकिशोरांनी वरण-भात वाढला. कोणी हात लावला नाही. पंखा फिरत होता. देवदत्तने एकदा घसा साफ केला, पण त्याचं पुढे काही झालं नाही. शेवटी रेवती हलक्या आवाजात म्हणाली, "बाबा, आम्ही निघतो. खरंच रागावून नाही. तुम्ही एवढं केलंत..." आणि तिने खुर्ची मागे सरकवली.

दार उघडलं. माणिकताईंनी इस्त्रीची नारायणपेठी नेसली होती. केस विंचरलेले होते.

"कुठे निघालीस? अन्न निवतंय. नुसते काय बसलात सगळे, सत्यनारायणाला बसल्यासारखे?"

त्या चौथ्या पानावर बसल्या. रेवतीने खुर्ची पुढे घेतली. तिला पाणी प्यावं लागलं.

देवदत्तला कोणीतरी काहीतरी सामान्य करायला हवं असं वाटलं असावं. त्याने ट्रे उचलला, आपल्या पानात चार बटाटे घेतले आणि माणिकताईंसमोर धरला. "काकू, घ्या ना."

रेवती झटकन म्हणाली, "आई बटाटा खात नाहीत."

"ओह, सॉरी. तब्येतीमुळे का?"

"गयेला सोडला," माणिकताई म्हणाल्या. "माझ्या मुलासाठी."

देवदत्तने ट्रे खाली ठेवला. मग, चांगल्या घरचा सभ्य माणूस जे करेल तेच त्याने केलं. आपल्या पानातले बटाटे एकेक करून ट्रेमध्ये परत ठेवायला लागला. "मग मीही नाही खात. आज नको."

"ठेव ते पानात."

त्याचा हात थांबला. नंदकिशोरांनी डोळे मिटून घेतले.

"ठेव म्हणते ना. सोडायला आधी आपलं काहीतरी जावं लागतं. माझं गेलं, मी सोडला. तुझं अजून काही गेलेलं नाही, आणि जाऊही नये. खा. आणि नुसता कोरडा काय खातोस?"

त्यांनी वाटी उचलली आणि त्याच्या बटाट्यांवर सॉस घातला. मग रेवतीच्या. मग नवऱ्याच्या, न बघता. उरलेला आपल्या वरण-भातावर ओतला आणि कालवायला घेतला. वरण-भात हिरवा झाला. त्यांनी घास घेतला.

"कसा झालाय?"

"छान," देवदत्त म्हणाला. तो माणूस शेणाचा गोळा वाढला असता तरी छानच म्हणाला असता.

"मी रेवतीला विचारतेय."

रेवतीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती चावत होती. दोन्ही एकाच वेळी करणं कठीण असतं. "मीठ कमी आहे बटाट्याला."

"त्याचंही कमीच असायचं," माणिकताई म्हणाल्या. "कित्येकदा सांगितलं अनयला, उकडतानाच घाल. ऐकेल तर शपथ."

कितीतरी दिवसांनी ते नाव टेबलावर आलं होतं. नंदकिशोरांनी मीठदाणी पुढे सरकवली, कारण हाताला काहीतरी काम हवं होतं. देवदत्तने मीठ घेतलं, रेवतीला दिलं. काही वेळ फक्त कुरकुर आवाज येत राहिला, आणि खालून कोणीतरी गाडी रिव्हर्स घेत होतं.

"रजिस्टरच करणार ना?" माणिकताईंनी भाताकडे बघत विचारलं.

"हो, आई. मोठं काही नाही."

"साक्षीदार लागतात."

"लागतात."

"ते ऑफिस कितव्या मजल्यावर आहे?"

रेवती आणि देवदत्तने एकमेकांकडे बघितलं. "दुसऱ्या," तो म्हणाला. "लिफ्ट नाहीये, काकू."

माणिकताईंनी आणखी एक घास कालवला.

"सकाळची वेळ घ्या मग. दुपारी माझे गुडघे धरतात. हळूहळू चढू."