आडवे घोडे

हर्मिनिओ तायागचं रिमोटवर उडणारं चौथं विमान रविवारी सकाळी पावणेनऊ वाजता राखेत नाक खुपसून पडलं, आणि डागुलने नेहमीप्रमाणे डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली.

"देव त्याच्या आत्म्याला शांती देवो," डागुल म्हणाला. "पण कोया हर्मी, रंग काय झकास होता! पडतानासुद्धा शोभून दिसत होतं."

मैदानावरचे सगळे हसले; थोरल्या भावाला तिकडे कोया म्हणतात, आणि हर्मी त्या सगळ्यांचाच कोया होता. हर्मीही हसला, कारण साठी उलटलेल्या माणसाला चारचौघांत रुसून चालत नाही. त्याचे कान मात्र तापले होते. पिनातुबो ज्वालामुखीची राख पुरात वाहून येऊन गावाबाहेर जे सपाट मैदान झालं होतं, ते या सगळ्यांचं उडवण्याचं ठिकाण. तिथल्या प्रत्येक विमानाचा रंग हर्मीच्या हातचा होता. डागुलचा बर्फाचा कारखाना होता आणि तीन विमानं होती, तिन्ही हर्मीने रंगवलेली. विमान रंगवायचं म्हटलं की सगळ्यांना कोया हर्मी आठवायचा. त्याने रिमोट हातात घेतला, की मात्र हेच लोक हळूच आपापल्या खुर्च्या मागे ओढायचे.

मूळचा तो जीपनी, म्हणजे प्रवासी वाहणाऱ्या लांबलचक जीपगाड्या, रंगवणारा. बापही तेच करायचा. जीपनीच्या दोन्ही अंगांना पुढचे पाय उचललेले दोन तांबडे घोडे, आयाळ वाऱ्यावर, ही तायागांची खूण होती. एके काळी ग्वाग्वा शहराच्या रस्त्यावर उभं राहिलं तर दर पाचव्या गाडीवर ते दिसायचे. आता नव्या गाड्या कारखान्यातून पांढऱ्याफटक येत, त्यांच्यावर नंबर चिकटवला की काम झालं. तीन वर्षांत एकही माणूस घोडे मागायला आला नव्हता. म्हणून हर्मी ते स्वतःच्या विमानांवर काढायचा, वरच्या बाजूला आणि खालच्याही. खालचे तर जास्तच मन लावून, कारण जमिनीवरून लोकांना खालचीच बाजू दिसते, असा त्याचा हिशोब.

इसिंग पडलेल्या विमानाचा तुटका पंख घेऊन आली. ती गावातली औषधवाली, वयाने हर्मीपेक्षा वीस वर्षांनी लहान, पण त्या मैदानावर तिच्या तोडीचं उडवणारं कोणी नव्हतं.

"कोया, ही वरची बाजू की खालची?" तिने विचारलं.

हर्मीने पंख पाहिला, उलटा केला, पुन्हा सरळ केला. क्षणभर त्यालाही कळेना.

"बघा. हातात धरून कळत नाही, मग तिथे वर काय कळणार? विमान उलटं होतं. तुम्हाला वाटलं सरळ आहे. तुम्ही रिमोटची स्टिक ओढलीत. सरळ विमान ओढलं की वर जातं, उलटं विमान ओढलं की कुठे जातं?"

"माझं बोट घसरलं," हर्मी म्हणाला.

"चारही वेळा?"

हर्मी पिशवी शोधू लागला.

"पोट काळं करा. त्या काळ्यावर पिवळे जाड पट्टे ओढा. सगळे तेच करतात."

"मी काय रस्त्यावरचं अडथळ्याचं लाकूड रंगवणारा आहे?" हर्मी ताडकन म्हणाला, आणि तुकडे पिशवीत भरून घरी निघून गेला.

घरी चायोंग दारातच उभी होती. बायकोला पिशवीकडे पाहूनच सगळं कळलं. पुढच्या खोलीत तीन विमानांची मोडकी हाडं आधीच पडलेली होती. पाचवं विमान टेबलावर तयार होतं, मीटरभर पंखांचं, हलक्या फोमचं, दोन महिने खपून रंगवलेलं.

"हे शेवटचं," ती म्हणाली. "हे मोडलं की रिमोट कपाटात. त्यानंतर मैदानावर जायचं ते ब्रश घेऊन. शब्द दे."

हर्मीने शब्द दिला. शब्द दिला की हा माणूस पाळतो, हे चायोंगला चाळीस वर्षांच्या संसारात पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर मागितला. आणि फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी विमानं उडवणाऱ्यांच्या क्लबचा वर्धापनदिन होता. सारा गाव जमणार, आठ जण उडवणार, प्रत्येकाला चार मिनिटं. इसिंगने भांडून त्यात हर्मीचं नाव घातलं होतं. त्याला त्या दिवशी रंगारी म्हणून टाळ्या नको होत्या. त्या त्याला जन्मभर मिळाल्या होत्या.

त्या आठवड्यात तो रोज दुपारी कॉम्प्युटरवर सराव करायचा, पडद्यावरचं विमान, हातात खरा रिमोट. गिरकी, कोलांटी, उलटं उड्डाण. चायोंग बाजूला शेंगा सोलत बसायची.

"इथे तर एकदाही पाडत नाहीस," ती एका दुपारी म्हणाली.

"हा खेळ आहे गं."

"असेल. पण त्या विमानावर घोडे नाहीत."

एवढंच बोलून ती शेंगा घेऊन आत गेली. हर्मी पडद्याकडे पाहत राहिला. वरून पांढरं, खालून काळं विमान. कसंही फिरवा, एका नजरेत कळत होतं. इसिंगचं म्हणणं त्याला मैदानातच पटलं होतं. मान्य करायला एवढे दिवस लागले, इतकंच.

त्याने काळ्या रंगाचा डबा उघडला. पाचवं विमान पालथं केलं. पोटावरचे ते दोन घोडे त्याच्या आयुष्यातले सर्वांत चांगले उतरले होते, हे त्याला माहीत होतं. डोळ्यांत बापाने शिकवलेला तो पांढरा ठिपका होता.  एकदा थांबलो तर पुन्हा हात उचलणार नाही, म्हणून त्याने रुंद ब्रश एका दमात फिरवला. पाव तासात पोट काळंकुट्ट झालं. त्यावर पिवळे पट्टे ओढून होईपर्यंत त्याने रडू आवरून धरलं, मग मोरीत जाऊन तोंड धुतलं.

दुसऱ्या दिवशी त्याने काचकागद घेऊन वरचेही घोडे घासून काढले, आणि नव्याने काढायला बसला. या वेळी त्याने विमान कुशीवर धरलं. एकेका पंखावर एकेक घोडा, तोंड विमानाच्या नाकाकडे, पाय उजव्या पंखाच्या टोकाकडे. चायोंगने पाहून विचारलं, "आजारी आहेत का रे? आडवे का पडलेत?" तो रंग कालवत राहिला.

मग महिनाभर रोज पहाट फुटली की तो मैदानावर. नियम सोपा झाला होता: पट्टे दिसले की सरळ, घोडे दिसले की उलटं. घोडे दिसले की हात आपोआप स्टिक पुढे ढकलू लागला. तेवढं जमल्यावर तो उंचावर आणखी एक गोष्ट करू लागला. विमान कुशीवर वळवून, एक पंख थेट जमिनीकडे, तसंच सरळ न्यायचं. त्या वेळी पंखांचा आधार उरत नाही. शेपटीचं सुकाणू आणि मोटरचा जोर, एवढ्यावर विमान तरंगतं. एका सकाळी इसिंगने ते पाहिलं.

"उंचावर ठीक आहे," ती म्हणाली. "खाली आणलंत आणि बोट तसूभर चुकलं, तर सावरायला जागा नाही. त्या दिवशी हे नको, कोया."

"बघू."

"बघू म्हणजे तुम्ही करणार."

वर्धापनदिनाला मैदानावर जत्रा भरली. पान्सित शेवयांची पातेली, शहाळी, नातवंडं, छत्र्या. ध्वनिक्षेपक डागुलच्या हातात, त्यामुळे कोणाचीच धडगत नव्हती. टेबलावर मांडलेलं विमान पाहून तो मोठ्याने म्हणाला, "कोया, तुमचे घोडे झोपलेत की काय?"

"दमलेत," हर्मी म्हणाला.

"मंडळी, कोया हर्मी येत आहेत! पातेल्यांवर झाकणं ठेवा!"

गाव हसला. पहिल्या रांगेत चायोंग हसली नाही. ती मांडीवर हात घट्ट धरून बसली होती.

विमान उडालं. मोठी गिरकी, दोन कोलांट्या, स्वच्छ. मग उलटं, धावपट्टीवरून इकडून तिकडे. घोडे दिसले, हात पुढे गेला, विमान रेघेवरून गेल्यासारखं गेलं. टाळ्या पडल्या, आणि त्या रंगाला नव्हत्या. शेजारी उभी असलेली इसिंग घड्याळ बघत म्हणाली, "जिंकलात. एक मिनिट उरलंय. उतरवा."

उतरवलं असतं तर सगळं हातात होतं: विमान, रिमोट, शब्द. हर्मीने अंगठे स्टिकवरून हलवले नाहीत.

"एक फेरी," तो म्हणाला.

"कोया, शब्द दिलाय तुम्ही. चायोंगबाईंनी सांगितलंय मला."

"दिलाय. मोडलं तर पाळीन."

त्याने विमान डावीकडे लांब नेलं, वळवलं, डोक्याइतक्या उंचीवर उतरवलं. माणसांच्या समोर येता येता उजवा पंख खाली केला. विमान कुशीवर झालं आणि बुडू लागलं. कोणीतरी किंचाळलं. हर्मीने डावं सुकाणू दिलं, अजून थोडं, मोटर वाढवली. नाक उचललं गेलं.

आणि घोडे उभे राहिले. एकावर एक, दोन तांबडे घोडे, पाय जमिनीकडे, आयाळ मागे, गावाकडे पूर्ण अंग करून राखेवरून दौडत गेले.  मग मागून एक म्हातारा ड्रायव्हर ओरडला, "अरे, हे तर आपल्या गाडीवरचे! तायागचे!"

चायोंग खुर्चीवरून उठून उभी राहिली होती.

हर्मीने पट्ट्यांवर नजर ठेवून विमान सरळ केलं आणि उतरवलं.  डागुल ध्वनिक्षेपक बाजूला ठेवून, टोपी हातात घेऊन त्याच्याजवळ आला. 

"कोया," तो हळूच म्हणाला, "माझ्या मोठ्या विमानावर काढाल का? हेच घोडे. असेच आडवे."

तीन वर्षांनी कोणीतरी घोडे मागत होतं. हर्मीने विमान उचललं, उजव्या पंखावरची राख बोटाने पुसली.

"काढीन," तो म्हणाला. "आधी तू पंख उभा धरायला शिक. नाहीतर बिचारे जन्मभर झोपूनच राहतील."