पोराच्या सहीशिवाय

मच्छिंद्र ओव्हाळनं आयुष्यात एकदाच बढाई मारली, आणि तीसुद्धा मेली कॅमेऱ्यापुढं. तोंड आवरलं असतं तर काय बिघडलं असतं? पण माणसाला ते वेळेवर कुठं कळतं.

मांडवगण फराट्याहून कुरकुंभच्या केमिकल कंपनीत जाणारा हा फिटर. तीस वर्षं पंपांची सीलं बदलली, गळत्या थांबवल्या, नट आवळले. कामाच्या कार्डावर सही मात्र इंजिनिअरसाहेबाची. हात काळे करायचे मच्छिंद्रनं आणि ‘काम झाले’ म्हणून सही करायची केबिनमधल्यानं, ही तिथली रीतच. आपल्याला त्याचं काही वाटत नाही, असं तो सांगायचा. वाटत होतं, चांगलंच वाटत होतं.

म्हणून पोरगा महेंद्र बेंगळुरात विमान कंपनीत लागला तेव्हा बापानं पगार विचारला नाही, सही कुणाची ते विचारलं. महेंद्रनं समजावून सांगितलं, की तो इंजिनाचं झाकण उघडतो, तेल बघतो, पात्यांवर बॅटरी मारून चीर शोधतो. सही लायसनवाल्या इंजिनिअरची. एक शेवटचा पेपर सुटला की लायसन, मग सहीही त्याची. घरात आई ताईबाईसुद्धा त्या पेपराचे दिवस मोजत होती.

आणि मधेच त्या कंपनीच्या एका विमानाचं इंजिन हवेत धूर सोडत बंद पडलं. वैमानिकानं दुसऱ्या इंजिनावर ते सुखरूप उतरवलं, पण घाबरून बाहेर पडताना लोकांची चेंगराचेंगरी झाली आणि एक म्हातारी बाई गेली. टीव्हीवर दिवसभर तोच धूर. गावातल्या चहाच्या टपरीवर हौसराव म्हणाला, ही विमानं म्हणजे निव्वळ भंगार, तारेनं बांधत्यात आन् देत्यात सोडून, त्यापेक्षा आपली एसटी बरी. सगळे हसले. मच्छिंद्रला ते झोंबलं. आपलं पोरगं पहाटे थंडीत एकेक पातं बघत उभं राहतं, आणि ह्यांना हसू येतंय! गावातला पोरगा त्याच कंपनीत आहे असं ऐकून दौंडचा एक मोबाईलवाला बातमीदार तिथं आला होता. त्यानं माईक पुढं केला.

“माझ्या पोराच्या सहीबिगर तिथलं एक इंजिन चालू हुत न्हाई,” मच्छिंद्र म्हणाला. “लोकांनी बिनघोर बसावं.”

लोकांचा भरवसा राहावा म्हणून बोलला हो तो. आणि थोडं स्वतःसाठी बोलला.

संध्याकाळपर्यंत व्हिडिओ सगळीकडं. ‘इंजिन पास करणाऱ्याच्या बापाची मुजोरी.’ खाली महेंद्रचं पूर्ण नाव. आडनाव वाचल्यावर तर लोकांना पुढं काही वाचायची गरजच उरली नाही. सवलतीवाल्यांच्या हाती इंजिन दिलं की हेच होणार, असं हजारोंनी लिहिलं. खासगी कंपनीत कसली आलीय सवलत! पण विचारतो कोण. महेंद्रच्या धाकट्या बहिणीनं, दीक्षानं, सगळं वाचलं आणि दोन दिवस ती कॉलेजला गेली नाही.

महेंद्र त्या आठवड्यात त्या विमानाच्या आसपाससुद्धा नव्हता. तरी कंपनीनं त्याला कामावरून बाजूला केलं. ज्याची खरी सही होती तो मूग गिळून बसला. मच्छिंद्र दौंडला जाऊन बातमीदाराच्या पाया पडला. मी खोटं बोललो, पोराला सहीचा अधिकारच नाही, एवढं दाखव म्हणाला. त्यानं दाखवलं. ‘बापाने शब्द फिरवला’ म्हणून दाखवलं.

चार महिन्यांनी चौकशीचा अहवाल आला. पात्याच्या आत बनवतानाच दोष राहिला होता, बाहेरून कुणालाही दिसला नसता. ही बातमी कुठल्या कुठं गेली. हौसरावला ती मच्छिंद्रनं स्वतः वाचून दाखवली, तर तो म्हणाला, सगळे मिळालेले असतात. तरी मच्छिंद्रला वाटलं, सुटलं पोरगं.

महेंद्र दौंड स्टेशनवर उतरला तो दोन मोठ्या बॅगा घेऊन. मच्छिंद्रनं त्या मोटरसायकलवर कशाबशा बांधल्या. घरी ताईबाईनं ताट वाढलं, तेव्हा मच्छिंद्रनं विचारलं, परत कवा जायचं?

“न्हाई घेत, आबा. साहेब म्हणाला, तुझी चूक न्हाई ते आमाला म्हाइती हाय. पण तुझं नाव दिसलं तर लोक आमच्या विमानात बसायचे न्हाईत. आणखी तीन कंपन्यांत जाऊन आलो. तेच.”

“आन् पेपर?”

“पेपर देऊन काय करू? लायसन मिळालं तरी इंजिनाला हात कोण लावू देतंय?”

पोरानं आता ओरडावं, ताट भिरकावावं, तुमच्यामुळं झालं म्हणावं, असं मच्छिंद्रला फार वाटलं. महेंद्रनं भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरून ठेवला.

“आबा, तुमच्या कंपनीत हेल्पर घेत्यात का?”

मच्छिंद्रनं पोराची माफी मागायला तोंड उघडलं होतं.

“इचारतो,” तो म्हणाला.